गोदूबाईचा फौजदार

आमचा कमलाकांत लष्करातून सुटून आला, त्या दिवशी त्याची काळी लोखंडी पेटी एसटीच्या टपावरून उतरवायला अर्धी सातपाटी धावली. पेटीवर पांढऱ्या रंगात इंग्रजीतून त्याचं नाव आणि नंबर. आमच्या आयला, गोदूबाईला, अक्षरओळख नव्हती. पण त्या पांढऱ्या अक्षरांवरून तिनं असा हात फिरवला, की बघणाऱ्याला वाटावं, बाई वाचतेय.

मी वत्सला, त्याची थोरली बहीण. गावच्याच शाळेत मास्तरीण, आणि घरही आयच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. जरा फटकळ आहे मी, ते आधीच सांगून ठेवते. माझ्या भावावर माझा जीव आहे, म्हणूनच बोलताना त्याला सोडणार नाही.

बापूस समुद्रात गेला तेव्हा कमलाकांत शाळेत होता. आयनं डोक्यावर पाटी घेतली आणि पालघरच्या बाजारात मासळी विकून त्याला इंटर सायन्सपर्यंत नेलं. पुढे डॉक्टरीला जायचं त्याच्या मनात होतं, तर बासष्ट साली चीनची लढाई सुरू झाली आणि हा पठ्ठ्या न सांगता भरती झाला. घेतलं कुठे, तर लष्करी दवाखान्यात. मलमपट्टी करायची, सुया टोचायच्या, डॉक्टरांच्या हाताखाली उभं राहायचं. पासष्टच्या लढाईत पंजाबात होता. सदुसष्ट साली मोकळा झाला.

तो आला नि आमच्या ओटीवर रांग लागली. कोणाच्या तळव्यात गळ घुसलेला, कोणाला शिंगाळा माशाचा काटा लागून हात सुजलेला. हा पेटीतून बाटल्या काढायचा, उकळत्या पाण्यात चिमटा टाकायचा आणि हळू आवाजात बोलत बोलत काम उरकायचा. माणूस ओरडायचं विसरून जायचा. त्याचे हात बघितले की मला वाटायचं, देवानं हे हात ह्याच कामाला दिलेत.

"कमल्या, मेडिकलला अर्ज कर," मी म्हटलं. "तुम्हा लष्करातल्यांना काही जागा राखून ठेवतात ना?"

"ठेवतात. पण ताय, त्याला पाच-सहा वर्षं जाणार. तोवर आय पाटीच उचलत राहणार?" तो म्हणाला. "फौजदाराची भरती आहे. वर्षभर ट्रेनिंग, की लगेच पगार. आयची पाटी मी पुढच्या पावसाआधी खाली ठेवेन."

आयला तर फौजदारच हवा होता. "डॉक्टर काय, उठल्यापासून लोकांचं पू नि रगत," ती म्हणायची. "फौजदार आला की सगला बाजार उठून उभा रातो. माजा पोर समोरनं येल नि मी एकली बसलेली असेन!" आणि ह्या विचारानं तिला इतकं हसू यायचं, की पदर तोंडात कोंबावा लागायचा.

तर असा हा दोन होड्यांत पाय. सकाळी जखम बांधताना डॉक्टर व्हायचा, संध्याकाळी आय पाटी उतरवून मान चोळायला लागली की फौजदार. शेवटी फौजदाराचा अर्ज गेला. मेडिकलचाही भरून ठेवला होता, पण तो कपाटावर.

आता आयची गोष्ट सांगायला हवी. ती साऱ्या गावाला ठाऊक होती, एका कमलाकांतला सोडून. तो लष्करात असताना तारापूरला वीज केंद्राचं काम सुरू झालं, आणि सालवड-बोईसरच्या बाजूला परमुलखातले मजूर झोपड्या घालून राहायला लागले. आय पालघरहून गाडीनं बोईसरला मासळी न्यायला लागली. वर बोंबील, मांदेली. आणि तळाशी, केळीच्या पानाखाली, सायकलच्या ट्यूबा. ट्यूबांत खाडीपलीकडून आलेली हातभट्टीची. दारूबंदीचा काळ, पण मासळीच्या पाटीत कोपरापर्यंत हात घालणारा पोलीस अजून जन्माला यायचा होता. "मौसी, नीचेवाला है क्या?" असं मजूर विचारायचे आणि आय इकडे तिकडे बघून मान हलवायची. त्याच्यावर घराची कौलं आली, भिंती आल्या. कमलाकांत घरी आल्यावर भिंतींवर हात फिरवून म्हणाला होता, "मासळीनं एवढं होतं?" आय म्हणाली, "होते रे. मेनत पायजे." मी चुलीकडे तोंड फिरवलं. आईनं लपवलेलं मुलाला सांगणं हे काही माझं काम नव्हतं.

फौजदार व्हायचं तर आधी गावात चौकशी होते; माणूस कसा, घर कसं. हे कमलाकांतनं मला सांगितलं होतं, आयला नाही. सांगितलं तर ती गावभर करेल, म्हणाला. त्यानं तेवढं एक वाक्य आयला सांगितलं असतं तर मी आज हे सांगत बसले नसते.

रविवार होता, मी तिथंच होते. कमलाकांत मागीलदारी अंघोळीला गेलेला. आय दुसऱ्या दिवशीची पाटी भरायला बसलेली, आणि बाहेरून साखरबाईची हाक आली. साखरबाई म्हणजे शेजारीण, आयच्याच बरोबर बाजाराला जाणारी. "गोदू, पोलीस आला गो! सायकलवरनं येते!"

आयच्या तोंडचं पाणी पळालं. ट्यूबा उचलल्या आणि घरभर फिरली. चुलीत? माळ्यावर? तांदळाच्या पिंपात? आणि मग तिला ती काळी पेटी दिसली. मी हात धरला तिचा. "आय, तिथं नको!" तर मलाच म्हणते कशी, "गप गो. लष्करातल्या माणसाची पेटी पोलीस उघडत नाय. त्याच्यावर सरकारचा नंबर हाय." झाकण लावलं आणि वर गोधडी टाकली.

कपाळ माझं!

घरत नावाचे हवालदार, आत आले ते हसत. पोटानं जरा सुटलेले, बोलायला गोड. ओटीवर बसले, पाणी प्याले, चहा मागितला. बघ्यांनी अंगण भरलं. कमलाकांत केस विंचरून, स्वच्छ सदरा घालून बाहेर आला आणि ताठ उभा राहिला. "चौकशी कसली," हवालदार म्हणाले, "गावात शिरल्यापासून सगळे तुमचं चांगलंच सांगतायत. तेवढे तुमचे लष्करातले कागद दाखवा, की मी निघालो."

"आत्ता दाखवतो," असं म्हणून हा आत गेला. आय चुलीपाशी चहा गाळत होती. मला ओरडायचं होतं, पण अंगण भरून माणसं, काय ओरडणार? कागद हळूच काढून आणायचे, तर नाही. साहेबांना पेटीवरचा नंबरही दिसू दे, म्हणून ह्यानं अख्खी पेटी फरफटत ओटीवर आणली आणि सगळ्यांदेखत झाकण उघडलं.

आधी वास आला. इस्त्री केलेल्या लष्करी कपड्यांवर काळ्या वाम माशांसारख्या ट्यूबा वेटोळं करून पडल्या होत्या. घाईत एकीचं तोंड सैल बांधलेलं, ती हळूहळू गळत होती.

अंगणातला एक माणूस हसला आणि लगेच गप्प झाला. आता हे जे पुढचं आहे ते मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून सांगते. हवालदारांनी ट्यूबांकडे बघितलं. कमलाकांतकडे बघितलं. मग त्यांनी स्वतःच्या हातानं झाकण खाली केलं आणि म्हणाले, "कागद नंतर चौकीवर आणून द्या. चहा झाला का हो मावशी?"

झाकलं होतं त्या माणसानं! झाकलं होतं! त्यालाही आई होती, तोही ह्याच बाजूचा. पण आमच्या कमलाकांतच्या चेहऱ्यावर मी जी भीती बघितली ती लढाईतसुद्धा कोणी बघितली नसेल. सगळे आपल्यालाच चोर समजतील, नोकरी गेली, सगळं गेलं. त्यानं झाकण पुन्हा उघडलं. हात लांब करून चुलीकडे दाखवला.

"माझं नाही हे, साहेब. आईचं असेल. मला काहीही माहीत नाही. तुम्ही तुमचं काम करा."

आईचं असेल. असं म्हणाला.

आय चहाचा कप घेऊन दारात उभी होती. कप तिनं खाली ठेवला, सांडू न देता. "माजंच हाय," ती म्हणाली. "पोराला काय ठावं नाय. तो कालपरवा आला." मग मला म्हणाली, "वत्सू, माजं चांगलं लुगडं दे गो."

साऱ्या गावातून ती पोलिसामागून चालत गेली. पालघरला तिला रात्रभर बसवून ठेवलं, दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं केलं. साखरबाई आणि बाजारच्या बायकांनी मिळून दंड भरला. आणायला मी गेले. कमलाकांत आला नाही. "माझा अर्ज आहे ना, ताय, मी तिथं दिसलो तर..." एवढंच म्हणाला, आणि मागीलदारी लाकडं फोडत बसला. पावसाळाभर पुरतील एवढी लाकडं फोडली मेल्यानं. आय घरी आली, पाय धुतले, आणि त्याला पहिला प्रश्न काय केला? "तुजा अर्ज माज्यापायी गेला काय रे?"

त्यानं मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळलं नाही.

आयनं त्या दिवसापासून ट्यूबांना हात लावला नाही. पण आणखी एक गोष्ट तिनं सोडली, आणि ती सोडायला तिला कोणीही सांगितलं नव्हतं. लग्नात धवळे म्हणायला आमच्याकडे आयला बोलवायचे. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला पाठ, आवाज खणखणीत, पार बंदरावर ऐकू जायचा. ती म्हणाली, "चौकीत बसलेल्या बाईनं नवरीच्या डोक्यावर गाणं म्हणू नये." बायका हातापाया पडल्या. नाही म्हणजे नाही.

थंडीत कमलाकांतला मुलाखतीचं बोलावणं आलं. तो जाणारच नव्हता, आयनंच ढकलला. "जा, बघ तरी. सायेब देवमाणूस असला तर?"

परत आला तो संध्याकाळी, थेट माझ्या घरी. बसला नाही. चेहरा पांढरा फटक. मला वाटलं, हाकलला असणार.

"नापास?" मी विचारलं.

"पास."

"अरे मग!"

"ताय, मोठ्या साहेबांनी मला उभं केलं आणि बाकीच्यांना सांगितलं, ह्याला बघा. ह्यानं आपल्या सख्ख्या आईचा गुन्हा पोलिसांसमोर उघड केला. चौकशीत तसं आलंय. म्हणाले, कायद्यापुढे नातं न बघणारी माणसं मिळत नाहीत. माझी पाठ थोपटली. सगळ्यांनी माना हलवल्या. ताय, मी तिथं 'थँक यू सर' म्हणालो." आणि माझा हा सहा फुटी भाऊ माझ्या दारात उभ्या उभ्या रडायला लागला.

मी त्याला जवळ घेतलं नाही. खरं सांगते, हात पुढे झालाच नाही माझा. म्हटलं, "आता काय करणार?"

"त्या शाबासकीवर वर्दी चढवू? रोज सकाळी?" तो म्हणाला. "मेडिकलचा अर्ज कपाटावर आहे. उद्या टाकतो."

"आणि आयला काय सांगणार?"

"नापास झालो म्हणून. छाती कमी भरली, असं सांगेन. तू काही बोलू नकोस, तुला बापाची शपथ."

अशी शपथ घालून मोकळा झाला. आयला त्यानं छातीचं सांगितलं. आयनं त्याच्या छातीकडे बघितलं. ती छाती बघून कोण विश्वास ठेवेल? "बरं," म्हणाली, आणि आत गेली. तिला वाटलं, पोर आपल्याला वाचवण्यासाठी खोटं बोलतोय. आपल्यामुळेच ह्याची नोकरी गेली. आणि ते तिनं मनात घट्ट धरलं.

पुढच्या जूनमध्ये त्याला मेडिकलला जागा मिळाली, मुंबईला गेला. आयची पाटी काही खाली आली नाही. उलट खालचा माल बंद झाल्यामुळे आता सातपाटी-पालघर-बोईसर अशी दोनदा फेरी. आणि जो भेटेल त्याला सांगायची, "माज्यापायी पोराची फौजदारी गेली." बाजारात सांगायची, गाडीत सांगायची, अनोळखी बाईला सांगायची. मला ऐकवायचं नाही. कितीदा ओठांवर आलं आणि बापाची शपथ आठवली. मी कमलाकांतला मुंबईला जाऊन बजावलं, "अरे, तिला सांगून टाक." तो म्हणायचा, "सुट्टीत सांगतो." सुट्टीत यायचा, जखमा बांधायचा, आणि न सांगता जायचा.

एकोणसत्तरच्या मे महिन्यात साखरबाईच्या धाकटीचं, हंसाचं, लग्न ठरलं. साखरबाई सकाळीच आली. आय पाटी भरून निघायच्या तयारीत. कमलाकांत ओटीवर पुस्तक घेऊन बसलेला, मी शाळेला सुट्टी म्हणून बोंबील वाळत घालत होते.

"गोदू, परवा हळद. धवळ्यांना तू पायजे. मी दुसरी कोनाला बोलवनार नाय," साखरबाई म्हणाली.

"नको गो. मी माज्या पोराचं वाटोलं केलं. तुज्या पोरीच्या मांडवात मला कशाला उभी करते?" आय म्हणाली. आणि मग तिनं जे केलं ते मी कधी विसरणार नाही. ती वळली, ओटीपाशी आली, आणि वाकून कमलाकांतच्या पायाला हात लावला. "मनातनं माफ कर रे बाबा एकदा. तू बोलत नाय, पन मला कलते."

पुस्तक पडलं त्याच्या हातातून. पाय असे वर घेतले, जणू विस्तवावर पडले होते.

"आय! मी पास झालो होतो!"

आय वाकलेलीच राहिली. "काय?"

"मी पास झालो होतो. फौजदाराच्या भरतीत. मीच गेलो नाही."

"पास? छाती?"

"छाती भरली होती. सगळं भरलं होतं. तुला पकडून दिलं म्हणून साहेब खूश झाले. त्याच्यावरच पास झालो. म्हणून गेलो नाही."

आय सरळ झाली. साखरबाईनं तोंडावर हात ठेवला.

"म्हंजे मी चौकीत बसले ते कामाला आलतं," आय हळूहळू म्हणाली. "आनी तू ते फुकट घालवलंस."

"आय, मला लाज वाटली."

"मंग दीड वरीस मी तोंड लपवून फिरते, ते काय? मांडवात जात नाय, ते काय? एका शब्दानं सांगायला जीभ झडलेली तुजी? पुस्तकं वाचतोस एवढाली!"

"लाज वाटत होती गं."

"कोनाची? माजी?"

"माझी. माझी स्वतःची."

"तुजी होती तर तुज्याकडं ठेवायची!" आय कडाडली. "माज्याकडं कशाला दिलीस सांभालायला?"

आयनं डोळे पुसले, नाक पुसलं, चुंबळ उचलली आणि त्याच्या मांडीवर फेकली.

"उचल पाटी."

आमच्याकडे पुरुष माणूस डोक्यावर मासळीची पाटी घेत नाही. समुद्रावर मरेल, पण बाजाराची पाटी घेणार नाही, ती बायकांची. कमलाकांतनं चुंबळ डोक्यावर ठेवली. मी आणि साखरबाईनं पाटीला हात दिला. आय पुढे निघाली, तो मागे, आणि त्याच्यामागे मी, कारण घरी बसवेना.

पहिल्याच घरातून हाक आली, "काय गो गोदू, डॉक्टरच्या डोक्यावर पाटी?"

"डॉक्टर होल तेवा होल," आय थांबून, मोठ्यानं म्हणाली. "फौजदार पास हाय तो! मला धरून दिली म्हणून सायबानं पाठ थोपटली त्याची! माज्यापायी नोकरी गेली नाय, समजलं? माज्यापायी मिललेली!"

पुढच्या घरी तेच. दुकानापाशी तेच. देवळापाशी तेच. दीड वर्ष कोंडलेला तो धवळ्यांचा आवाज आता गल्लीभर घुमत होता. तुम्ही म्हणाल, ती त्याला शिक्षा करत होती. नाही. मी तिचा चेहरा बघितलाय. ती सुटली होती, आणि तिला खरोखर अभिमान वाटत होता. शिक्षा असती तर कमलाकांतला पेलली असती. पाटीतलं पाणी त्याच्या मानेवरून सदऱ्यात उतरत होतं, आणि पाटी सावरायला दोन्ही हात वर, त्यामुळे तोंड झाकायची सोय नव्हती.

स्टँडवर कंडक्टर म्हणाला, पाटी टपावर टाका. हा शिडीनं वर चढला. जिथून दोन वर्षांपूर्वी त्याची काळी पेटी उतरवायला गाव धावलं होतं, तिथं पाटी बांधायला लागला. आय खिडकीत बसली आणि मान बाहेर काढून ओरडली, "नीट बांध रे, फौजदार!"

सगळी गाडी हसली. हंसाच्या हळदीत आयनं धवळे म्हटले.

आता तो डॉक्टर आहे, बोईसरला दवाखाना आहे. आय गेली. पण सातपाटीत त्याला डॉक्टर कोणी म्हणत नाही. पोर तापानं फणफणलं की बायका म्हणतात, फौजदाराकडं ने. नवीन माणसं विचारतात, डॉक्टरला फौजदार का म्हणता? मग कोणीतरी सगळं सांगतं, पेटीपासून. तो समोर बसलेला असला तरी सांगतं. तो मान खाली घालून सुई उकळत राहतो, आणि हाक मारली की ओ देतो.